तिच्याकडचा अर्धा दोर

“इथं जरा कडक लागतंय,” ती म्हणाली.

“कुठं?”

“लाल धाग्याच्या थोडं अलीकडे. माझ्या बाजूला.”

त्यानं डोळे उघडले नाहीत. खोलीच्या त्या टोकाला भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून तो बसला होता आणि त्याच्याकडचा अर्धा दोर त्याच्या बोटांतून गोगलगाईच्या चालीनं सरकत होता. इकडे दाराशी ती बसली होती. संध्याकाळचा चहा झाला की रोज हे चालायचं. दोराच्या एका टोकापासून त्यानं सुरुवात करायची, दुसऱ्या टोकापासून तिनं, आणि बरोबर मध्यावर, जिथं लाल धागा गुंडाळलेला होता, तिथं दोघांचे हात भेटायचे. डोळे मिटून. डोळ्यांना दिसत नाही ते बोटांना कळतं, असा त्याच्या मामाचा धडा होता. आणि झाडावर चढण्याच्या धंद्यात मामाचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लग्नानंतर पहिल्या-पहिल्यांदा ती आपली गंमत म्हणून त्याच्यासमोर बसली होती. पण त्याच्या बोटांना करवतीनं घट्टे पडलेले, आणि तिची बोटं नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. एखादा तुटलेला तंतूसुद्धा तिला कुसळासारखा टोचायचा. “तुझी बोटं माझ्यापेक्षा शहाणी आहेत,” असं तो एकदा म्हणाला आणि तेव्हापासून अर्धा दोर तिचा झाला. दिवसभर तो वर टांगलेला असताना तिला करता येण्यासारखं काहीच नव्हतं. हे एवढं एक होतं.

“डिंक असेल गं,” तो म्हणाला. “कालचं झाड कसलं, नुसतं ओघळत होतं. माझा शर्ट बघ, काढून ठेवला तर उभा राहतोय.”

तिनं त्या जागेवरून पुन्हा बोट फिरवलं. वीतभर जागा. पण डिंक म्हटल्यावर बोटाला चिकटायला नको का, असं तिच्या मनात येतंय न येतंय तोच तो ओरडला, “अगं, बघ, बघ, बघ!”

त्यांची लेक त्याच्या हत्यारांच्या पेटीला धरून उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा. एक हात पेटीच्या कडीवर, दुसरा हवेत, आणि चेहरा असा की जणू आता भाषणच करणार. दोघांच्याही हातांतून दोर गळून पडला. लेक डुगडुगली, धप्पकन बसली आणि स्वतःसाठी स्वतःच टाळ्या वाजवू लागली. मग काय, दोराचं कुणाला राहतंय! पुन्हा उभी कर, पुन्हा बसव, माझ्याकडे ये, बाबांकडे जा, असं करता करता तिन्हीसांजा उलटून गेल्या. त्यानं दोर पिशवीत भरला आणि पिशवी नेहमीच्या खुंटीला लावली.

तो झाडांचा डॉक्टर होता. म्हणजे कामाच्या कागदावर तसं लिहायचा. गल्लीत त्याला नुसतंच ‘डॉक्टर’ म्हणत आणि ओघानंच तिला ‘डॉक्टरीणबाई’. खालच्या मजल्यावरच्या काकू तर भेटल्या की हटकून विचारायच्या, “काय म्हणतायत डॉक्टर? आज कुणाचा हात कापला?” तिच्या वडिलांनी स्थळ आलं तेव्हा तोंडावरच म्हटलं होतं, “जावई डॉक्टर हवा म्हणून मी नवस बोलायचा बाकी होतो. मिळाला खरा, पण हा पेशंटच्या अंगावर चढतो.” त्यावर तो मनापासून हसला होता, आणि तिनं होकार दिला होता तो बहुधा त्या हसण्याला.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लोक म्हणायचे, तोडून टाक. तो म्हणायचा, थांबा, आधी बघू. खोडावर लाकडी हातोडीनं ठोकून, कान लावून तो पोकळी कुठवर गेलीय ते ऐकायचा. वाळलेली फांदी नेमकी कुठं कापली तर जखम भरून येते आणि कुठं कापली तर खोडात कुज शिरते, हे सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा की तिला लेकीच्या लशी देणाऱ्या बाईंची आठवण यायची. कमरेचा रुंद पट्टा, कड्या, हेल्मेट, कानांवरची जाड टोपणं, हातकरवत, साखळीची करवत, आणि दोर. ढोलीत कधी पोळं निघायचं, कधी साप. कधी खाली उभा असलेला घरमालक वरच्याला अक्कल शिकवायचा. हे सगळं तो जेवताना रंगवून सांगायचा आणि ती घास हातात धरून ऐकत राहायची.

“लोकांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो,” तो म्हणायचा, “माझी नोकरीच टांगणीची.”

“पुरे. जेव.”

तिला सगळ्याची भीती वाटायची. वाऱ्याची, विजेच्या तारांची, मधमाश्यांची, त्याला सकाळी शिंक आली तर शिंकेची. लेक रांगायला लागल्यापासून तर भीतीला पायच फुटले होते. घरातलं जे जे जमिनीवर होतं ते ते तिनं वर नेलं: सुया, नाणी, औषधं, काड्यापेटी. तिची आई फोनवर म्हणायची, “अगं, तुझ्या घरात आता माणसंच तेवढी जमिनीवर राहिलीत.” मागच्या आठवड्यात लेकीनं बाथरूमच्या दारामागची फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली पाडली. झाकण घट्ट होतं म्हणून बरं. तिनं लेकीला ओढून काढलं, बराच वेळ छातीशी धरून बसली, आणि मग ती बाटली उचलून बाहेरच्या बोळातल्या सगळ्यांत वरच्या फळीवर ठेवून दिली. आता हात पोचायचा प्रश्नच नव्हता. तिचं काळीज त्या दिवशी जरा जागेवर आलं.

त्या फळीखाली खुंटी होती.

सकाळी तो गेल्यावर ती बोळ झाडत होती. खुंटीखालच्या फरशीवर एक डाग दिसला. तिनं आधी फडक्यानं पुसला, मग नखानं खरवडला. डाग निघेना. डाग नव्हताच तो. फरशीची चकाकीच तेवढी खाल्ली गेली होती. पांढुरका, खरखरीत, रुपयाएवढा गोल. तिनं वर पाहिलं. खुंटी रिकामी. तिच्यावर फळी. फळीच्या कडेला रंगाला फोड आले होते आणि कडेवर एक थेंब, पडावं की न पडावं अशा विचारात लोंबकळत होता.

स्टुलावर चढून तिनं बाटली उचलली. तळाला केसाएवढी चीर. लेकीनं पाडली तेव्हाची.

तिनं केमिस्ट्री घेऊन पदवी काढली होती. त्या पदवीचा संसारात काय उपयोग झाला, असं कुणी विचारलं तर तिला सांगता आलं नसतं. पण प्रयोगशाळेतला पांढरा कोट तिला आठवत होता. त्याच्यावर थेंब उडाला तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. घरी धुवायला घेतला तेव्हा बोट आरपार गेलं होतं. तो तर सुती कोट. दोर नायलॉनचा. नायलॉन आणि ॲसिड. परीक्षेला आलं असतं तर तिनं पानभर लिहिलं असतं.

काल संध्याकाळी तिच्या बोटाला लागलेली ती वीतभर जागा पुन्हा तिच्या बोटाशी आली. कडक होती, पण चिकट नव्हती.

तिनं त्याला फोन लावला. वाजून वाजून थांबला. मामांना लावला, तोही तसाच. फोन वाजत होता. पण मामा उचलणार नव्हते. वर माणूस असताना खालच्यानं फोनला हात लावायचा नाही, हा मामांचाच नियम. ‘नजर हटली की माणूस हटला.’ एरवी हा नियम ऐकून तिला किती धीर यायचा!

लेकीला कडेवर मारून ती निघाली. पायात एक चप्पल तिची, एक त्याची, हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. जागा ठाऊक होती. उद्या कुठं, कसलं झाड, खाली काय आहे, हे तो रोज रात्री सांगायचा, कारण तिनं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तशी अट घातली होती. छापखान्याच्या आवारातली निलगिरी. उंच, अर्धी वाळलेली, एक जाडजूड फांदी छापखान्याच्या पत्र्यावर झुकलेली. “खोड आतून पोखरलंय,” तो म्हणाला होता, “पण वरचा बेचका ठणठणीत आहे. दोर तिथं टाकला की काळजी नाही.”

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती. थांबणारच, बसच ती. शेजारच्या बाईनं लेकीला बघून विचारलं, “किती महिन्यांची?” तिनं तोंड उघडलं, पण आकडा आठवेना. बाई जरा सरकून बसल्या.

बसमधून उतरल्याबरोबर करवतीचा आवाज आला. त्या आवाजाची तिला नेहमी धडकी भरायची. आज तो ऐकून तिला रडू फुटलं, कारण आवाज चालू होता.

आवाराला पिवळी पट्टी बांधली होती. तिच्याबाहेर छापखान्यातली चार माणसं शाईचे हात पुसत, माना वर करून उभी होती. तो वर होता. खालून अगदी मुठीएवढा दिसत होता. लाल हेल्मेटमुळे तो आहे एवढं कळायचं. फांदीवर बराच पुढे जाऊन, पाय फांदीला टेकवून तो मागे रेलला होता, आणि सगळा भार दोरावर. दोर त्याच्या कमरेपासून तिरका वर बेचक्याकडे गेला होता. इथून तो दोरासारखा दिसतही नव्हता. आकाशावर कुणी पेन्सिलीनं रेघ ओढावी तसा.

“बाई, आत नका जाऊ! फांदी येतेय!” एकजण ओरडला.

ती पट्टीखालून वाकून आत गेली. मामा खोडापासून हातभर अंतरावर, पाय रोवून उभे होते. एकेकाळी तेही चढायचे. एका पावसाळ्यात गुडघा गेला आणि तेव्हापासून ते खालचे झाले. दुसरा एक जाड, काळपट दोर खोडाला वेढे देऊन त्यांनी हातात धरला होता. तो फांद्या उतरवायचा दोर. त्याचं वरचं टोक त्या फांदीच्या शेंड्याकडच्या भागाला बांधलेलं होतं. फांदी तुटली की ती पत्र्यावर न आदळता या दोरानं अलगद खाली घ्यायची. त्यांच्या कानांवर टोपणं होती. तिनं त्यांचा दंड धरून हलवला.

“अगं सूनबाई! इथं कुठं? आणि पोर घेऊन?” त्यांनी नजर वरून न काढताच टोपण सरकवलं. “आधी पट्टीबाहेर हो बघू.”

“मामा, त्याला उतरवा.”

“का? काय झालं घरी?”

“दोर, मामा. दोरावर ॲसिड पडलंय. चार-पाच दिवस पडतंय. वरून गळत होतं, माझ्या हातून…”

मामांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. नियम मोडून. मग पुन्हा वर.

“कुठल्या दोरावर?”

“चढायच्या. हा जाड दोर पेटीत असतो, हा चांगला आहे. तो बोळात असतो. पिशवीचं तोंड उघडंच होतं.”

“नक्की दोरावर पडलंय?”

“काल कडक लागत होता. आम्हाला वाटलं डिंक.”

मामांच्या गळ्यात शिट्टी होती. त्यांचा हात शिट्टीकडे गेला आणि मधेच थांबला. ती म्हणाली, “वाजवा ना मामा! वाजवा!”

“काय वाजवू?” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. “एक वाजवली तर ‘बघ’. दोन म्हणजे ‘थांब’. लांब वाजवली तर ‘उतर’. उतर म्हटलं तर तो त्याच दोरावरून सर्रकन खाली येईल, येडं. ‘दोर खराब आहे’ याची शिट्टीच नाही गं आपल्यात.”

तिला काही कळेना. “नाही म्हणजे?”

“नाही म्हणजे नाही. दोराची शंका खालीच फेडून मग वर जायचं असतं. वर गेल्यावर कसली शिट्टी?”

ती फेडण्याचं काम अर्धं तिचं होतं. मामा तसं म्हणाले नाहीत. त्यांच्या ध्यानातही नसेल ते.

वरची करवत फांदीत शिरत होती आणि भुसा उडत होता. त्यातला थोडा लेकीच्या केसांवर पडला. निलगिरीचा तो सर्दीच्या मलमासारखा वास. लेक खुश होऊन मुठी उघडझाप करत होती. मामांनी दोन शिट्ट्या वाजवल्या. करवत थांबली. एवढी शांतता झाली की छापखान्यातल्या मशीनची घरघर ऐकू आली.

“काय मामा?” वरून आवाज आला. मग त्यानं खाली नीट पाहिलं असावं. “अगं, पोरीला कशाला आणलंस उन्हात? सगळं ठीक?”

मामा तिला हळूच म्हणाले, “तू सांग. थोडक्यात सांग. रडू नकोस, त्याला रडणं ऐकू जाता कामा नये.”

थोडक्यात काय सांगायचं? बाटली, चीर, फळी, खुंटी. बसमध्ये तिनं हे सगळं ओळीनं लावून ठेवलं होतं, आणि आता त्यातलं एकही वाक्य त्या उंचीपर्यंत पोचेलसं वाटेना.

“काल तो डिंक नव्हता!” ती ओरडली. “लाल धाग्याजवळ! डिंक नव्हता! ॲसिड आहे!”

त्यानं कानांवरची टोपणं पूर्ण काढली, जणू अजून काही ऐकायचं बाकी होतं. मग त्याचा डावा हात हळूच वर गेला. दोरावरून, डोक्याच्या वर, हात पुरेल तिथपर्यंत. तिथं तो हात थांबला. त्यानं डोळे मिटले असतील, असं तिला वाटलं. इतक्या खालून दिसणं शक्यच नव्हतं, पण तिला ते दिसलं.

मग हात सावकाश खाली आला. एखाद्या झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काढून घ्यावा तसा.

“मामा,” तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. “आहे खरं.”

“भार काढ!” मामा ओरडले. “पट्टी टाक फांदीला, आधी पट्टी टाक!”

कमरेच्या पट्ट्याला एक आखूड पट्टी असायची, अंगठ्याएवढ्या जाडीची. ती त्यानं फांदीखालून घातली, कडीत अडकवली, आणि मग मागे रेललेलं अंग पुढे आणून तो फांदीवर पालथा झाला. घोड्यावर बसून मानेला मिठी मारावी तसा. दोर सैल पडला. रेघेला झोळ आला. पिवळ्या पट्टीबाहेरच्या माणसांपैकी कुणीतरी “बरं झालं” म्हणालं. त्यांना वाटलं संपलं.

“आता सरपटत ये ना मागे,” ती स्वतःशीच म्हणाली. “ये ना.”

“कसा येईल?” मामा म्हणाले. “फांदी अर्धी कापलीय. अर्ध्यात सोडली तर सालटं ओढून फाडेल, झटका बसला तर त्याच्यासकट येईल. आणि उतरायला दुसरा दोर हाच आहे माझ्या हातात. त्याच्या टोकाला ती फांदी बांधलीय. आधी ती कापून खाली घ्यायची, सोडवायची, मग हा दोर वर त्याला द्यायचा. दुसरा रस्ता नाही.”

“मी काय करू?”

“पोर घेऊन पट्टीबाहेर उभी राहा.”

ती उभी राहिली. हे काम तिला नेमून दिलं होतं आणि तिनं ते केलं.

साखळीची करवत त्यानं पट्ट्याला लटकवून ठेवली. तिच्या हादऱ्यांची आता खात्री नव्हती. कमरेची हातकरवत काढली आणि पालथा पडल्या पडल्याच कापायला लागला. सर्र, सर्र. थांबायचा, गाल फांदीला टेकवायचा, पुन्हा सर्र, सर्र. रोज जेवताना तो सांगायचा त्या गोष्टींत हे कधीच नव्हतं, म्हणजे वर असताना इतका वेळ लागतो हे. गोष्टीत फांदी एका वाक्यात पडायची. लेकीला वर बाबा आहेत हे कळलं होतं. तिनं हात वर करून हाक मारली, आणि हाकेला ‘ओ’ येईना म्हणून ती रडू लागली. रडणं ऐकू जाता कामा नये. तिनं लेकीचं तोंड खांद्यात दाबून धरलं. लेक आणखी रडली. रस्त्यावर जावं तर तो नजरेआड होणार. ती ना धड गेली, ना धड थांबली; फाटकापाशी पाठ करून, मान मात्र वळवून उभी राहिली आणि लेकीच्या कानात काहीबाही बोलत राहिली. काय बोलत होती, तिला पुढे कधी आठवलं नाही.

फांदीनं हाडासारखा आवाज केला. शेंड्याकडचा भाग सुटला, मामांच्या दोरावर झोका घेऊन पत्र्याच्या वीतभर अलीकडे थांबला. वर राहिलेलं थोटूक पुढेमागे हललं, त्याच्यासकट. मग हलायचं थांबलं.

पुढचं सगळं सावकाश झालं. मामांनी फांदी उतरवली, गुडघा विसरून धावत जाऊन दोर सोडवला. तो इंचाइंचानं मागे सरकत खोडापाशी आला. सैल दोर त्याच्या मागे गळपटल्यासारखा लोंबत होता. त्यानं खिशातली बारीक दोरी खाली सोडली, मामांनी जाड दोर तिला बांधला, त्यानं वर ओढून घेतला, बेचक्यावर टाकला, स्वतःला बांधला. आणि खाली आला. त्याचे पाय जमिनीला लागले तेव्हा निलगिरीची सालं चुरचुरली, बस.

त्याच्या गालावर सालीचे ओरखडे होते. त्यानं लेकीला घेतलं नाही. हातांना चीक होता म्हणून असेल. तिच्या पायांकडे पाहिलं.

“चप्पल माझी घातलीयेस,” तो म्हणाला.

तिनं लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं. बोलायला गेली असती तर बाटलीपासून सुरुवात करावी लागली असती.

मामांनी चढायचा दोर खाली ओढून घेतला. लाल धागा सापडला. त्याच्या अलीकडे ती वीतभर जागा. दिसायला काहीच नाही. जरा पांढुरकी, एवढंच. मामांनी दोन्ही बाजूंनी धरून ती आपल्या चांगल्या गुडघ्यावर वाकवली. वरचं विणलेलं कवच चुरगळलं आणि आतले तंतू मोकळे होऊन बाहेर आले. मऊ, भुरे, लेकीच्या जावळासारखे. छापखान्यातला एकजण म्हणाला, “अरे बापरे.” मामांनी तो भाग मुठीत झाकून घेतला.

“बाई वेळेवर आली रे,” ते त्याला म्हणाले.

“हो,” तो म्हणाला.

ते खरं होतं. आणि तो कालही याच दोरावर होता, परवाही, हेही खरं होतं. ते कुणी बोललं नाही.

ज्या दोराची शंका आली तो तसाच टाकून द्यायचा नाही, हाही त्यांच्यातला रिवाज. कुणीतरी उचलतो, चांगला दिसतो म्हणून चढतो. म्हणून तुकडे करायचे, इतके आखूड की त्यांना माणूस बांधता येणार नाही. तिथंच, खोडापाशी बसून त्यानं करवतीच्या पात्यानं दोर कापला. निरोगी भागसुद्धा. ती समोर उभी राहून बघत होती. तिच्याकडचा अर्धा आणि त्याच्याकडचा अर्धा, एकदा ढिगात पडल्यावर वेगळा ओळखू येत नव्हता.

घरी तिनं सगळं सांगितलं. बाटली, चीर, फळी. तो “अगं, होतं” म्हणाला. “डिंक मीच म्हणालो ना,” असंही म्हणाला. आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. खालच्या काकू वर येऊन म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, तुम्ही तर डॉक्टरांचाच जीव वाचवलात!” आणि तो हसला, तेच मनापासूनचं हसणं, पण ते काकूंकडे बघून होतं.

बाटली टाकून दिली. खुंटी त्यानं स्वतः उपटली आणि भोक बुजवलं. दोराची पिशवी आता मामांकडे राहायची. सकाळी जाताना घ्यायची, येताना ठेवायची. “तिकडे कोरडं असतं,” तो म्हणाला. ते खरंच होतं, त्यांच्याकडे कोरडं असायचं.

नवा दोर आला त्या दिवशी मात्र तो घरी घेऊन आला. करकरीत, पांढरा, दुकानाचा वास येणारा. मामांनी मध्यावर लाल धागा आधीच गुंडाळून दिला होता. चहा झाला. तो भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसला आणि त्यानं दोर फरशीवर मोकळा केला. एक टोक घरंगळत दाराशी गेलं. तिनं ओट्यावर हात कोरडे केले, पदराला पुन्हा पुसले, आणि दाराशी आपल्या जागेवर येऊन बसली. टोक तिच्या पावलापाशीच होतं.

“राहू दे गं,” तो म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला. “तू तिच्याकडे बघ. ती पेटीकडे चाललीय.”

लेक खरंच पेटीकडे चालली होती.

त्यानं डोळे मिटले. दोर त्याच्या बोटांतून सरकू लागला, नेहमीच्या चालीनं. ती बघत राहिली. बऱ्याच वेळानं लाल धागा त्याच्या हातांत आला. तिथं क्षणभर, अगदी सवयीनं, त्याची बोटं थांबली. मग धाग्यावरून पुढे गेली. तिच्या पावलापाशीचं टोक हललं आणि फरशीवरून तिच्यापासून दूर सरकायला लागलं. जराजरासं. लेकीला गंमत वाटली. पेटी सोडून ती रांगत आली आणि तिनं त्या टोकावर झडप घातली.

तिनं लेकीची मूठ हळूच सोडवली, तिला उचलून घेतलं. टोक पुढे गेलं.